चार वाजताची सावली

...नाही, या कापडाने नव्वद टक्के ऊन अडते हे मला चारदा सांगून झाले होते. पण तुम्हाला सांगते, उरलेले दहा टक्के कोणासाठी राखून ठेवले आहेत, हे त्या दुकानदाराला सांगता येईना! गालावरचा डाग काढून त्वचेच्या डॉक्टरांनी बजावले, 'आजी, यापुढे चेहऱ्यावर ऊन नको.' मीही बजावले, चार वाजता अंगणात बसून शब्दकोडे सोडवण्याचा तीस वर्षांचा नेम मोडणार नाही. म्हणजे सावली विकत आणणे आले, तीही संभाजीनगरच्या मे महिन्यात!

दुकानात मी एकच साधा प्रश्न विचारला : चार वाजता सावली कुठे पडेल? तर तो, 'आँटी, टेन्शन नक्को, इम्पोर्टेड कपडा है, दहा साल रंग उतरणार नाही!' अहो, रंग कोणी विचारला? मग छत्री दाखवली. मधोमध दांडा! मी बसायचे कुठे, दांड्याच्या कडेवर? मग बटण दाबले की उघडणारे छप्पर... आणि वीज गेली तर? 'तर नाही उघडणार, आँटी.' हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले हो! बरे, चार वाजता सावली कुठे पडेल? 'सगळीकडे!' सगळीकडे म्हणजे काय, रात्र आहे का ती?

शेवटी आमच्या चिरंजीवांनी, मिहिरने, खांबांना ताणून बांधायचे तिकोनी कापड पसंत केले. मी म्हटले, मिहिर, चार वाजता... 'आई, वर कापड, खाली सावली. इतकं सोपं आहे!' इंजिनिअर आहे, बरे का! आणि लावणारे आले केव्हा? भर बारा वाजता. सावली नेमकी खुर्चीवर, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि मी, जुन्या मॅट्रिकला भूगोलात पहिली आलेली बाई, त्या नेमकेपणावर भाळले आणि 'काम समाधानकारक' असे लिहून सही केली!

चार वाजले. चष्मा, पेन्सिल, शब्दकोडे घेऊन बाहेर येते, तर खुर्चीवर लख्ख ऊन! आणि सावली? भिंत ओलांडून शेजारी! तिथे पैठणकडच्या द्वारकाबाई मांडी घालून शेंगा फोडत बसलेल्या...

'या की बाई! लई गार वाटतंय इथं. पर एक सांगा, चार वाजता सावली कुठं पडंल, हे दुकानात आधी इचारायचं नाय व्हय?'

मी खुर्ची उचलली, भिंतीला वळसा घालून गेले. त्यांनी सरकून मला जागा दिली, माझ्याच सावलीत... आणि शब्दकोड्यातले पहिले उत्तरही, न विचारता, त्यांनीच सांगितले.

बरोबर होते.