दोरीवरची दुपटी

परवा मी वरणाला फोडणी देत होतो, तेवढ्यात आमच्या हिचा फोन वाजला. संग्रामपूरला बदलून गेलेले जिल्हा परिषदेचे इंजिनिअर होते. ही मुख्याध्यापिका. नव्या लेआउटमधल्या घरांपुढच्या दोऱ्यांवर वाळणारी दुपटी पाहून पुढे पहिलीत किती पोरं येतील ते सांगायची आणि वर्गखोल्या वाढवा म्हणून त्यांच्या मागे लागायची.

"भाऊ, मॅडमले सांगजा, दोन खोल्या मंजूर झाल्या! आम्ही हसलो होतो, पण पोरं खरंच आली. आता नारळ त्यायनंच फोडायचा."

"हो."

"हायेत कुठं त्या?"

"बाहेर गेल्यात."

"काऊन, दुपटी पाह्याले?"

ते खदखदून हसले. मीही हसलो.

ही हिवाळ्यातच गेली, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.