चिकूचा गुडघा आणि माझा

माझा गुडघा दुखतो याचं मला काही वाटत नाही गं. चिकूचाही दुखतो, याचं वाटतं.

चिकू म्हणजे आमच्या मुलाची पॉमेरेनियन कुत्री. आयटीवाल्यांनी त्याला बंगलोरला नेलं आणि ही दीड वर्षाची बया आमच्या गळ्यात पडली. मध्यंतरी ती मागचा पाय उचलून लंगडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याची वाटी सरकतेय. लहान आहे तोवर ऑपरेशन करून घ्या."

आमचे हे लगेच म्हणाले, "करू या. बिचारीनं जन्मभर का सोसायचं?"

माझ्या गुडघ्याच्या वेळी मात्र हेच गृहस्थ म्हणाले होते, "या वयात कशाला कापाकापी? जिना जरा कमी चढत जा." आम्ही राहतो सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही!

ऑपरेशन झाल्यापासून चिकूला जिना बंद. हे तिला कडेवर घेऊन चढतात. मागून मी, कठडा धरून, भाजीची पिशवी घेऊन.

परवा दुपारी उठताना अशी कळ आली की मी कण्हलेच. यांची दुपारची झोप मला बाळंतकळा सुरू झाल्या तेव्हाही मोडली नव्हती. पण परवा धावत आले.

"काय झालं माझ्या बाळाला?"

मला बघितलं आणि म्हणाले, "तू होय! मला वाटलं, चिकू." आणि परत जाऊन झोपले.

तेव्हापासून मी यांना हाक मारणं सोडलंय. मला चहा हवा असला की नुसती कुंई करते. लगेच उठतात.