ज्यांना फुंकता आलं नाही

२०२३ सालची गोष्ट. जयपूरच्या जुन्या शहराच्या चारदीवारीबाहेर बसची वाट पाहताना कलावतीबाईंच्या कानावर मराठी पडलं. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीने इथे येऊन त्यांचा जन्म सरला होता. मराठी ऐकलं की कान आपोआप तिकडे वळायचे. शेजारी एक प्राध्यापिका आणि तिचा विद्यार्थी गंधार उभे होते.

“मॅडम, वय, बिडी, धूळ, सगळं एकत्र धरून विश्लेषण केलं. कारागिरांच्या दम्याचं कारण बिडी निघालं. रत्नांचे खडे घासताना उडणारी धूळ नाही.”

“म्हणजे कारखानदार सुटले. धूळ ओढणारे पंखे आता कशाला बसवतील? सगळे कारागीर धरलेस ना?”

“मतलब, ज्यांचं एखादं उत्तर कोरं होतं, ते प्रोग्रामनेच गाळले.”

“कोणतं कोरं होतं?”

“श्वास मोजायला नळीत फुंकायचं ते. काहींना खोकलाच आवरेना. मग मी रकाना सोडून दिला.”

“वा. ज्यांना फुंकता येतं, तेवढेच मोजलेस.”

“…उद्या प्रबंध दिला नाही तर माझं वर्ष जाईल, मॅडम.”

“जाईल. मलाही वर ऐकून घ्यावं लागेल.”

“त्यांच्यातले एक म्हातारे कारागीर, रहमतजी, पुन्हा पुन्हा फुंकत होते. शेवटी मलाच म्हणाले, माफ करना भैया.”

“गाळलेल्यांना धरून कसं मोजायचं, ते शिकवते. चल, बस आली.”

“तुम्ही जा. मी त्यांच्या गल्लीत जाऊन येतो.”

पुढचं कलावतीबाईंना दोन वर्षांनी मराठी मंडळाच्या गणपतीत कळलं. गंधारचं वर्ष गेलं. नव्या प्रबंधात धूळच कारण ठरली. मॅडम निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्या. रहमतजींच्या कारखान्यात पंखे लागले, तेव्हा त्यांच्या जागेवर त्यांचा मुलगा बसत होता.