चाक बोलतंय का

—नाही, काका नाहीत आता. ठोकायचं, सरळ करायचं, सगळं मीच बघते, आणि साहेब, जरा बाजूला व्हा, हवा भरताना चाकासमोर उभं नाही राहायचं—तिकडे भिंतीकडे नव्हे हो, इकडे, माझ्या मागे. जुन्या गाडीचं पोलादी चाक म्हणजे दिसायला गरीब गाय, पण हे कडं बघताय ना, टायरला धरून ठेवणारं—त्याला केसाएवढी चीर असली तरी हवा भरताना सुटतं ते, तोफेतून सुटल्यासारखं. म्हणून आधी हातोडीने वाजवायचं. चांगलं पोलाद घुमतं, चिरलेलं बद्द वाजतं. घुमलं की काका म्हणायचे, चाक बोलतंय. आता गंमत बघा, वाजवायचे ते आणि ऐकायचे मी—ठोकून ठोकून त्यांचे कान कधीच गेले होते. कॉलेज शिकले कशाला, तर काकांचा कान व्हायला. चुकलं तर तोच हातोडीचा दांडा माझ्या पाठीत—अगं बाई! दार आपटलं होय? काही नाही, दचकते मी अशीच. माझं सोडा, पण काकूचं—त्या दिवशी चहा गार होता म्हणून काकांनी तिचा हात या वाइसमध्ये घातला, चाक आवळून धरतो ना, यातच, आणि दांडा फिरवला. काकू ओरडलीसुद्धा नाही. बोटं मोडली ती तीन, एकेक करून. ऐकू आली मला—कान चांगलेत माझे. मग हात पुसून काका कामाला लागले, कडं वाजवलं, नेहमीसारखं विचारलं, "बोलतंय का गं?"

मी म्हटलं, "बोलतंय, काका."

त्यांनी हवा भरायला घेतली, आणि कडं सुटलं ते थेट त्या भिंतीत. मधे त्यांचं तोंड होतं. जबडा तर—जाऊ दे, तुमचाच चेहरा उतरला. दोन दिवस होते, बोलणं शक्यच नव्हतं, नुसते माझ्याकडे बघत राहायचे. काकू? तिने एका शब्दाने विचारलं नाही मला. डाव्या हाताने वाढते, आणि आधी मला वाढते.

काय? बद्द वाजलं होतं असं कुठे म्हटलं मी? असं का बघताय? सगळ्यांना सांगितलं तेच तुम्हाला—तुमचं कडं ना? नाही, नाही वाजवत मी. उचला हे चाक. दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकून घ्या. जा म्हटलं ना.