टाळलेला अध्याय

शिंपीण : आतून कडी घातलीत म्हणून मी माघारी जाईन असं वाटलं होय, पाळकसाहेब?

पाळक : तसं नाही, ताई. संध्याकाळच्या उपदेशाची तयारी चालली होती. बसा ना.

शिंपीण : बसायला नाही आले. पाळकीणबाई आत्ता माझ्या दुकानात येऊन गेल्या.

पाळक : ती? ती तर दवाखान्यात…

शिंपीण : लेकाला नर्सच्या हवाली करून धावत आल्या होत्या. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. डॉक्टरांनी हात टेकले म्हणाल्या. तुरुंगाचा शिपाईही दार सोडून आत येऊन बसलाय, म्हणे, आता हा कुठं पळणार. खरं आहे?

पाळक : खरं आहे. यकृत संपलंय त्याचं.

शिंपीण : मग तुम्ही इथं काय करताय?

पाळक : हे तुम्ही विचारताय?

शिंपीण : मीच विचारणार. बाई म्हणाल्या, तुमच्यापायी ते येत नाहीत, तुम्हीच सांगून बघा. माझ्यापायी? मी कधी अडवलं तुम्हाला?

पाळक : दारू पिऊन टेम्पो कुणी चालवला, ताई? तुमची लेक क्लासवरून घरी निघाली होती, आपल्या बाजूनं, सायकलवर. दर रविवारी तुम्ही समोर बसता आणि शेजारची जागा मोकळी ठेवता. आदल्या दिवशी पोराच्या उशाशी बसून आलेला बाप कुठल्या तोंडानं तुमच्यापुढं उभा राहणार? आमोस संदेष्टा गरिबाला तुडवणाऱ्यांवर गरजला, तेव्हा त्यानं आपला-परका पाहिला नाही.

शिंपीण : न्याय कोर्टानं केला. मला तो हवा होता. मी साक्ष दिली, मिळाला. पण तुमचं संपेचना. दर रविवारी तेच. आग, तलवार, ओस पडलेली गावं. सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघते. मी मान ताठ धरून बसते, आणि घरी जाऊन मशीनवर डोकं टेकते.

पाळक : मला वाटायचं, तुम्हाला आधार होत असेल.

शिंपीण : पहिल्यांदा झाला. खोटं कशाला बोलू? मग हळूहळू कळलं, माझ्या पोरीची काठी करून तुम्ही तुमच्या पोराला मारताय. मुंगी पायाखाली आली तरी रडायची हो ती. तिची काठी नका करू.

पाळक : ताई…

शिंपीण : आणि मी माफ केलंय असंही समजू नका. नाही जमलेलं. जमेल की नाही, माहीत नाही. प्रार्थनेत ते क्षमा केल्याचं वाक्य आलं की मी गप्प राहते.

पाळक : मीही.

शिंपीण : तुम्ही? तुमचा आवाज तर ऐकू येतो.

पाळक : ओठ हलतात. बाकीच्यांचा आवाज असतो तो.

शिंपीण : … त्या संदेष्ट्यांना काय पोरंबाळं नव्हती?

पाळक : होती. होशेय म्हणून एक होता. त्याच्या घरातच आग लागलेली, बायको सोडून गेलेली. तोही पानंच्या पानं कडाडतो. आणि मध्येच देवाचा आवाज बदलतो. बापाचा होतो. आपल्या लोकांबद्दल म्हणतो, ह्याला पहिलं पाऊल टाकायला मी शिकवलं, कडेवर घेतलं, खाली वाकून भरवलं. आता ह्याला टाकू कसा?

शिंपीण : मग गेला का राग देवाचा?

पाळक : नाही गेला. केलं ते लोकांना भोगावंच लागलं. शहरं पडली, माणसं परमुलखात गेली. पण निवाडा देणाऱ्याचंच आतडं तुटत होतं. यिर्मया संदेष्टाही कडू बोलायचा आणि बोलता बोलता रडायचा. कोरडा राहिला तो एकटा योना. देवानं पापी शहराला माफ केलं म्हणून वेशीबाहेर रुसून बसलेला. मी त्याच्याच शेजारी जाऊन बसलोय, ताई.

शिंपीण : त्या बापाचं आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

पाळक : तो अध्याय आला की मी थांबायचोच नाही. पान उलटून पुढं जायचो. ह्यालाही मीच चालायला शिकवलं ना. ह्याच खोलीत. त्या कपाटापासून खिडकीपर्यंत यायचा आणि माझ्या गुडघ्यांवर आदळायचा. हसायचा काय…

शिंपीण : उठा.

पाळक : संध्याकाळची उपासना?

शिंपीण : आम्ही गाणी म्हणू. येतात आम्हाला.

पाळक : तुम्ही येता बरोबर? दारापर्यंत?

शिंपीण : नाही. तेवढं नाही व्हायचं माझ्याच्यानं. चष्मा राहतोय तुमचा टेबलावर. जा आता.

(दवाखान्यातली खोली. त्याच संध्याकाळी.)

मुलगा : आई?

पाळक : आई बाहेर बाकावर जरा पडलीय. मी आहे.

मुलगा : बाबा? … ओरडायला आलात?

पाळक : नाही रे.

मुलगा : ओरडलात तरी चालेल. तुमचा आवाज ऐकूनच किती…

पाळक : हात दे इकडं. केवढा गार पडलाय.

मुलगा : मला अजून ती सायकल दिसते, बाबा. डोळे मिटले की जास्तच. चाक फिरत राहतं.

पाळक : हं.

मुलगा : देव विचारेल ना मला?

पाळक : विचारेल.

मुलगा : काय सांगू?

पाळक : खरं ते सांग. काही लपवू नकोस. तो सगळं ऐकून घेईल. आणि… रडेलसुद्धा, मला वाटतं.

मुलगा : माझ्यासाठी?

पाळक : तिच्यासाठी. आणि तुझ्यासाठी.

मुलगा : चर्चची घंटा वाजतेय. रविवार आहे का आज? तुम्हाला निघायला हवं असेल.

पाळक : नाही. आज मला कुठंच जायचं नाही.