लंबीतला थांबा

काय म्हनलं? पुन्हा एकडाव म्हना बरं, तुळशीरामभाऊ, म्हंजे माझ्या कानाची खातरी होईन — ‘सुलतानपूरच्या हिंमतरावाचा बँड ते मधातच थांबायचं वाजवते, ते तुमाले जमते काय?’ — असंच म्हनलं ना? मले? रंगराव मास्तरले? या देऊळघाटात, माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर बसून? बसा, बसा, उठू नका, तुमच्यावर नाई राग. तुमाले काय मालूम! तुमी धामनगाव बढ्याचे, पोराचं लगन काढलं, मेहकरकडे सोयऱ्याच्या लग्नात एक बँड ऐकला, आवडला, सुलतानपूर लांब पडते म्हून जवळच्या बँडवाल्याकडे आले — यात तुमचं काय चुकलं? अवं, ऐकलं काय! दोन कप चहा ठेव बरं इकडे, पाव्हने आले धामनगावचे!

जमते काय म्हंता — अहो, ते माझंच हाय! लंबी म्हंतो आमी त्याले. नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावर बसला का तेथून तर मांडवाच्या दारापर्यंत एकच वाजवनं, मधात तुटत नाई — सात चाली बदलते, सात! पहिले क्लॅरनेट एकटं, एकदम संथ, म्हाताऱ्याकोताऱ्यायच्या डोळ्याले पानी येते, मंग झांज, मंग ढोल असा सुटते का घोडेवाल्याले लगाम धरून राहा लागते, मंग पुन्हा संथ, पुन्हा चढ — कोनं बसवलं हे? म्या बसवलं. चार महिने, याच खोलीत, तवा येथं कडबा भरेल राहे, त्याच्या धुराळ्यात खोकलत खोकलत. बाकीचे बँडवाले काय करतात? सिनेमातलं गानं उतरवलं, फुंकलं, चालले. एका गावच्या बँडनं वाजवलं का आठ दिवसांत दुसऱ्या गावचा तेच वाजवते, त्याचं ऐकून तिसरा — आन चुकासुद्धा तशाच! एकाच्या क्लॅरनेटची तोंडातली फुंकायची पत्ती फाटकी होती, सूर चिरकला, तर दुसऱ्यानं नवीकोरी पत्ती लावून तेथंच सूर चिरकवला — त्याले वाटलं, असंच असते! हासता काय, खरं सांगून राह्यलो. त्या लोकायत आन माझ्यात फरक हाय का नाई काही?

आं? कोनं सांगतलं तुमाले? — इंग्रजी टेपीवरून उतरवलं म्हंतात? कोन म्हंते? हिंमत म्हंते? ... लोकं म्हंतात. हाव, लोकायले काय, त्यायच्या तोंडाले पत्ती लागत नाई. ऐका मंग खरं काय ते. मोठा दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी आमी सुलतानपूरले लग्नात गेलो होतो. तेथून लोनार जवळ, आन लोनारच्या त्या तळ्यापाशी गोरे लोक येतात दगडं पाहाले. त्यातला एक जन आला वरातीत घुसून — केस हे असे खांद्यापर्यंत, पायात टायरची चप्पल, गळ्यात टेपीची मशीन. आमचा सारा बँड भरला त्यानं मशीनीत. मंग जेवनं झाल्यावर मले निंबाखाली बसवलं आन त्याच्याकडचं ऐकवलं. काय सांगू तुमाले — एका बाजूले एकच गानं! वीस मिनिटं! गानारा दोन कडवे म्हनून गायबच झाला, मांगं पेटीवानी काहीतरी घुमून राह्यलं, ढोल एकदा इकडून एकदा तिकडून, चाल बदलली का पुन्हा बदलली, मले वाटलं संपलं, तर कशाचं संपते! तीनदा ऐकलं म्या. पंगतीत लोक म्हने, मास्तरले गोऱ्यानं काही पाजलं का काय.

आता तुमीच सांगा, याले चोरी म्हंता? त्यातला एक सूर घेतला नाई. सूर ध्यानातच राहात नव्हता तर घेईन कोठून! घेतलं एवढंच का बावा, लांब वाजवता येते. गानं संपलं म्हून वाजवनं संपलंच पाहिजे असं कोठी लिहेल नाई. एवढंच घेतलं. ते बी कोनी सांगतलं नसतं तर मले सुचलंच नसतं असं काही नाई. आन त्यानं आमाले मशीनीत भरून नेलं त्याचं काय? तिकडे विलायतेत कोनी पोट्टे आमची झांज वाजवून नाचत असतील, त्यायले कोनी जाब विचारते काय? मलेच विचारते जो तो! ऐकलं त्याच्यापासून शिकनं येगळं आन जसंच्या तसं उचलनं येगळं. हिंमतनं उचललं. पहिल्या चालीपासून सातव्या चालीपर्यंत उचललं, आन मधातला थांबाबी उचलला.

तो कोनी बाहेरचा असता ना भाऊ, तर म्या दोन शिव्या देऊन सोडला असता. माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा हाय तो. कडूबाचा. कडूबा म्हंजे माझा लहाना भाऊ, दोन वर्सानं लहाना, मोठा ढोल त्याच्याच गळ्यात असे. तो वारला त्याले आता चार वर्सं झाली. आन हा हिंमत, या मांडीवर खेळेल, झांज हातात दिली तवा झांज मोठी होती आन तो लहान. बाप गेल्यावर एक हंगाम वाजवलं माझ्यासंग, आन मंग एक दिवस मायले घेऊन चालता झाला. तानुबाईचं — त्याच्या मायचं — माहेर सुलतानपूरचं. काका म्हनून सांगनं नाई, पुसनं नाई. तेथं मामाच्या भरोशावर बँड काढला, पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, आन पहिल्याच लग्नात वाजवलं काय? लंबी! लाज नाई वाटली पोट्ट्याले. डोक्यात हवा गेली, दुसरं काय.

म्या काही गप नाई बसत. येत्या सोमवारी चार मान्सं घेऊन जाऊन राह्यलो सुलतानपूरले. लग्नसराई लागाच्या आत. चारचौघात उभा करतो त्याले आन म्हंतो, वाजव तुले जे वाजवायचं ते, सिनेमाचं वाजव, नागिन वाजव, पन तो थांबा सोड. तेवढा सोड. मारुतीपुढे हात ठेवून शप्पथ घे. नाई घेतली तर पाचपंचवीस गावांत सांगीन का हा चोराचा बँड हाय, याले सुपारी देऊ नका. लंबी नेली ना तुनं, ने. थांबा माझा हाय.

कसा म्हंजे? तुमी तर ऐकला ना मेहकरले. पाचवी चाल, ढोल ऐन भरात, नाचनारे पोट्टे घामानं निथळून राह्यले, आन एकदम बंद! सारं बंद. क्लॅरनेट बंद, झांज बंद. एक, दोन, तीन, चार. नाचनाऱ्याचा पाय वर तो वरच. आन मंग ढोल असा पडते, लोकं येडे होतात, शिट्ट्या काय, टोप्या काय, नोटा ओवाळतात. अख्ख्या जिल्ह्यात कोनापाशी नव्हतं हे. मीबी हात असे वर करून उभा राहो, चार मोजो, लोकायच्या तोंडाकडे पाहो. लोकं लग्न ठरवाले येत तेच म्हनत, मास्तर, थांबा पाहिजे बरं.

सुचला कसा? ... सुचला. सुचत असते मानसाले. रिकाम्या वेळात बसलं का सुचते. लंबी बसवली तवा नव्हता तो, मागून आला. ... नाई नाई, टेपीतबी नव्हता. म्या सांगतलं ना मागून आला म्हून! तुमी तर वकिलावानी इचारून राह्यले. घ्या, चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

एका लग्नात आला. झालं? नवरदेवाकडून आमी आन नवरीकडून दुसरा बँड, मोठा, लाल कोटवाला, वीस मान्सं. समोरासमोर. तुमाले तर मालूम हाय अशा वेळी काय होते, दोनी गावं इरेले पेटतात, बँड कमी पडला म्हंजे गावाचं नाक गेलं. ऊन असं का रस्त्यावर पाय ठेववत नाई. आन कडूबाची सकाळपासून कुरकुर, दादा, डावा हात जड पडून राह्यला, दादा, छातीत चमक निघून राह्यली. म्या म्हनलं, पान्याचा लोटा पे आन उभा राह्य, मांडवापर्यंत दम धर. काय म्हनाले पाहिजे होतं म्या? सांगा ना! समोर लाल कोटवाला उभा, लोकं आमच्या नावानं वरडून राह्यले, आन मी म्हनू का आमचा ढोलवाला बसते म्हून? त्याची कुरकुर नेहमीचीच होती. पोटात दुखते, पाठीत दुखते. मले वाटलं असंन तसंच काही.

पाचव्या चालीत ढोल चुकला. कडूबा कधी चुकत नसे. म्या वळून पाह्यलं तर तो गुडघ्यावर. ढोल गळ्यात, दोनी हात ढोलावर, आन डोकं त्याच्यावर टेकवलेलं. सारे थांबले, झांजवाले, ट्रंपेटवाले. आन हिंमत त्याच्या बाजूलेच होता. आमच्या बँडचा बापापासूनचा नेम हाय भाऊ, वरात निघाली का मांडव येईपर्यंत ढोल भुईले टेकू देत नाई. टेकला का अशुभ, लग्नवाले मारतीन. म्या — म्या काही बोललो नाई. बोलाले वेळ कोठी होता. नुसतं डोळ्यानं केलं हिंमतले. ढोलाकडे. असं. आन पोट्ट्यानं बापाच्या गळ्यातून पट्टा काढला, आपल्या गळ्यात घातला आन ढोल मारला. चार मात्रा गेल्या त्यात. चारच. आन लोकायले वाटलं बसवेल हाय! अशा शिट्ट्या पडल्या का काय सांगू — लाल कोटवाल्यायनं बी टाळ्या वाजवल्या. मंग आमी वाजवत गेलो. मांडवापर्यंत. दोन चाली बाकी होत्या.

कडूबाले लोकायनं निंबाखाली नेलं होतं. आमी वाजवून परत आलो तवा... झालं होतं.

असे काऊन पाहून राह्यले? तुमी असते तर काय केलं असतं? घरात बसून बोलनं सोपं हाय! म्या काय त्याले मारलं? डाक्टर म्हने, आधी आनला असता तरी सांगता येत नव्हतं. सांगता येत नव्हतं म्हने. म्हंजे काय ते मले आजून समजलं नाई.

दुसऱ्या लग्नात लोकं म्हने, मास्तर, ते मधातच थांबायचं पुन्हा घ्या ना. सुतक फिटून आठ रोज नव्हते झाले. म्या हिंमतले म्हनलं, पाचव्या चालीत तेथंच थांबायचं, चार मोजायचे, मंग मारायचं. तो माझ्याकडे पाहातच राह्यला. म्या म्हनलं, पाहतं काय बे, लोकायले आवडते ते वाजवा लागते, पोट भरते त्याच्यावर, तुझ्या मायचंबी भरते. वाजवलं त्यानं. सारा हंगाम वाजवलं. आन आखरीचं लगन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. आन आता तोच थांबा गावोगाव घेऊन फिरते! इतका राग होता तर घ्यायचा नव्हता! हा मोठा सभ्य, आन काका वाईट — आन टाळ्या त्यालेच!

काय? ... नाई वाजवत टाळ्या? कसं नाई वाजवत, थांबा आला का टाळ्या — पाहा, तुमी नीट पाह्यलं नसंन. ... हाव, सांगा. ... भुईवर? ढोल भुईवर ठेवते? वरातीत, मधातच? आन लग्नवाले काही म्हनत नाई? ... आधीच सांगते त्यायले. कबूल असंन तर सुपारी घेते. बरं. आन मंग काय करते? ... बसते. ढोलापाशी बसते. किती वेळ? चार मात्रा का ... मोजत नाई. कोनीच मोजत नाई. आन ते नाचनारे? ते गप? घोडेवालाबी? ... आन उठते तवा वाजवते कोनतं? पाचवी चाल का ... पहिली. संथवाली.

...

चहा झाला ना तुमचा? मंग निघा तुमी. नाई, मले नाई जमत ते. सांगतो ना नाई जमत, येगळं हाय ते, सुलतानपूरलेच जा. लांब पडलं तर पडलं, तुमचा एक दिवस जाईन, दुसरं काय. ... माझं नाव सांगू नका. काही सांगू नका, बोलनंच झालं नाई आपलं. आन जाता जाता ते दार लोटून घ्या, भाऊ, ऊन येऊन राह्यलं आत.