आमच्या घरची सोब्रेमेसा

...अन् वरून मलेच विचारते, "काजल, तू काऊन चूप हायेस?" आता बोलाले मले जागा ठेवली का कोनं? थांबा, तुमाले पयल्यापासून सांगते, नाईतं तुमी बी आमच्या शेजारच्या मंदाकाकूवानी कराल. काकू रोज फाटकाशी गाठते मले. "काय वं पोरी, ते इस्पॅनिश शिकून करशीन काय? आपल्या आर्वीत कोन बोलते ते?" अवं काकू, कोनी बोलत नाई म्हनूनच तं शिकून राह्यली! साऱ्या आर्वीत बोलत असते तं वर्ध्याले कॉलेजात कायले गेली असती? मी कोन? एम.ए. स्पॅनिश, दुसरं वर्ष!

पन घरी तेच. आमचे बाबा, प्रेमदास, एसटीचे रिटायर डायव्हर. त्याइनं साफ सांगून टाकलं, "यंदा चांगले मार्क आले तं ठीक, नाईतं गपचूप बी.एड.ले जाजो." मी म्हनलं, बाबा, चिंताच नोका करू.

तं आमची तोंडी परीक्षा होती. विषय, स्पेनची भाषा अन् समाज. घेनार कोन? खुद्द स्पेनहून आलेल्या पिलार मॅडम! चष्मा डोक्यावर, डोळे माह्यावर. विचारलं, सोब्रेमेसा म्हंजे काय? आता पोट्टे पुस्तकातलं घोकून आलते. म्हंजे काय, तं तिकडं जेवन झालं, ताटं उचलली, तरी मानूस उठत नाई, तथीच बसून गप्पा... त्याले म्हंते सोब्रेमेसा. मी धडाधड स्पॅनिशमदे सांगतलं, "मॅडम, हे तं आमच्या घरी रोजच होते! हात वाळून कडक होते, पन बाबाची गोष्ट संपत नाई!" मी कोन? एम.ए. स्पॅनिश, दुसरं वर्ष!

मॅडम हासल्या. म्हने, "मंग दाखव मले. रविवारी येतो. मार्क पाहूनच देईन."

घ्या!

रविवारी मॅडम आल्या. आईनं पाटोडीचा रस्सा केलता, असा झनझनीत की मॅडमच्या नाकाडोळ्यातून पानी, तरी म्हने, अजून वाढा! जेवनं झाली. ताटं उचलली. मी सतरंजीवर सरसावून बसली. आता सुरू होईन पाहा बाबाचा कारखाना...

अन् बाबा चूप!

तुमाले सांगते, ज्या मानसाले गप करासाठी आई कुकरच्या शिट्ट्या वाजवते, तो मानूस इस्त्रीचा शर्ट घालून भिताडाकडं पाहून राह्यला! मॅडम बाबाकडं पाहे, बाबा पंख्याकडं पाहे. आईनं खुनावलं, मी कोपर मारलं. काई नाई! माह्यी पाचावर धारन. मॅडमच्या नजरेत मी खोटारडी, बाबाच्या नजरेत नापास. बी.एड.चं फाटक डोळ्यापुढं उघडून राह्यलतं!

मी म्हनलं, निदान ओळख तं करून देऊ. स्पॅनिशमदे म्हनलं, "हे माह्ये वडील, कोंदुक्तोर होते."

बाबा ताडकन उठले!

"कंडक्टर? कोन कंडक्टर? साऱ्या जिंदगीचं स्टेरिंग फिरवलं मी, अन् पोटची पोरगी मले कंडक्टर म्हंते? पावण्यापुढं?"

"बाबा, स्पॅनिशमदे डायव्हरलेच कोंदुक्तोर म्हंते वो!"

"मंग थे भाषाच चुकीची हाय! सांग त्याइले!"

मी सांगतलं. मॅडम लोटपोट. अन् बाबा जे सुटले... ब्रेक फेल, पंचर, कारंज्याचा घाट, डेपोचा मॅनेजर! बाबा वऱ्हाडीत, मी स्पॅनिशमदे, मधात श्वास घ्याले थांबा नाई. मॅनेजरले देल्ल्या शिव्यांचं तं भाषांतर करता करता माह्येच कान लाल झाले.

मंग बाबा हळू झाले. म्हने, एका दसऱ्याले दीक्षाभूमीची जादा गाडी मले देल्ली. गाडीत माह्यी माय. पयल्या सीटवर, पांढरं लुगडं. साऱ्या गाडीले सांगे, "हे माह्या पोराची गाडी व्हय!" कंडक्टरनं तिकीट मांगतलं तं म्हने, "पोराच्या गाडीत मायले तिकीट?" मी मांगं वळून म्हनलं, माय, सरकारची गाडी हाय, काढ तिकीट. तं उठली. म्हने, "सरकारची हाय तं थांबव, मी पायी जातो!" सारी गाडी हासली. आखरीले मीच तिकीट काढलं. पन नागपूर येतपर्यंत आरशात पाहे मी, माय माह्याकडंच पाहून राह्यलती. तिच्या खानदानात पयल्यांदा कोनी स्टेरिंगवर बसलतं ना.

आजीची हे गोष्ट मी कवाच आयकली नवती. तरी एक शब्द न सोडता स्पॅनिशमदे सांगत गेली. मॅडमनं डोळे पुसले, अन् ते रस्स्यानं नाई.

अन् तवा मॅडम मले विचारते, "तू काऊन चूप हायेस?" इतलं बोलली मी, पन त्यात माह्यं सोताचं एक वाक्य नवतं ना!

त्याइची वर्ध्याची गाडी निघून गेली, बाबा नाई थांबले. दुसरी बी गेली. तिसरीत बाबानंच बसवून देल्लं, डायव्हरले बजावून, "हळू नेजो, पावणे हाय."

निकाल लागला. वर्गात पयली! मी कोन? एम.ए. स्पॅनिश, पास! पेढे घेऊन गेली तं बाबा म्हने, "बी.एड. राहू दे. तू आता पीएच.डी. कर."

मी हरकली. "पटलं ना बाबा, स्पॅनिशचं महत्त्व?"

"थे जाऊ दे वं. मॅडम पुढच्या वर्षी डबल येनार हाय, अन् माह्यी चंद्रपूर डेपोची सारी नोकरी सांगाची राह्यली. थे त्याइच्या भाषेत सांगाले कोनी पायजे ना!"